आत्याईकडून आईकडे

शुद्धीवर आल्यानंतरचे कितीतरी दिवस मला दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या लुगड्याआडून अंगण दिसावं तसे आठवतात. माणसं हलायची, उजेड हलायचा, पण कुणाचा चेहरा नीट धरता यायचा नाही. मी नांदेडच्या दवाखान्यात आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मेंदूला टीबी झाला होता. आधी आठवडाभर डोकं दुखलं, मग ताप, मग उलट्या, आणि एके सकाळी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या मी बाजूला कलंडले, असं माय सांगते. मला त्यातलं काही आठवत नाही. त्याच्या आधीचंही बरंच काही आठवत नाही.

माय उशाशी बसलेली असायची. मी तिला पहिल्यांदा नीट काही विचारलं ते नवऱ्याबद्दल. म्हटलं, ते कुठं आहेत, दिसले नाहीत. मग हळूहळू, माझा हात हातात घेऊन, तिनं मला सांगितलं की ते मोटरसायकलवरून येताना हायवेला गेले, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली, आणि मी तेव्हाही अशीच तिच्याकडं बघत राहिले होते. म्हणजे ही बातमी मला दोनदा मिळाली. पहिल्या वेळेचं रडणं माझ्याकडं नाही. दुसऱ्या वेळेचं आहे, पण तेही औषधांच्या झोपेत अर्धं बुडालेलं.

नंतर एकदा मायनं मोबाइलवर एका लहान मुलीचा फोटो दाखवला. पिवळा फ्रॉक, डोळ्यात भरपूर काजळ, हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट. मुलगी गोड होती. मी विचारलं, कुणाची आहे? मायनं मोबाइल पदराखाली घेतला आणि ती व्हरांड्यात निघून गेली.

माझी होती. नवरा गेला तेव्हा ती माझ्या पोटात होती. तिचा जन्म, तिचं पालथं पडणं, पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळं मी पाहिलेलं होतं आणि त्यातलं एवढंसंही माझ्याजवळ उरलं नव्हतं. गंमत म्हणजे त्याच्या मागचं सगळं जागेवर होतं. लग्नातला बँडवाला, नवऱ्याचं दारात उभं राहून खोकणं, त्याच्या शर्टाची कॉलर उलटी करून शिवलेली. तिथून पुढं मात्र कोरं कापड.

मी पडले त्याच दिवशी मुलीला आक्का घेऊन गेल्या. आक्का म्हणजे माझी मोठी नणंद, शिरड शहापूरला दिलेली. त्यांना दोन मुलगे, दोघंही शिकायला बाहेर. दाजींची हळदीची शेती. आठ-पंधरा दिवसांसाठी म्हणून नेलेलं लेकरू महिने झाले तरी तिथंच राहिलं, कारण मी कधी उठेन हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. मग अडचणी यायला लागल्या. अंगणवाडीत सही कुणाची, आधार कार्डाला अंगठा कुणाचा, दवाखान्यात नेलं तर पालक कोण. नवऱ्याच्या वाटणीची थोडी जमीन होती, ती मुलीच्या नावावर लागलेली. शेवटी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीच, हिंगोलीच्या कोर्टात उभं राहून सांगितलं की आमची लेक सांभाळायच्या अवस्थेत नाही, आक्कांना पालक नेमायला आमची ना नाही. कोर्टानं नेमलं. आई बरी होईपर्यंत किंवा पुढचा हुकूम होईपर्यंत.

कायद्याच्या भाषेत लहान लेकराला अज्ञान म्हणतात. सातबाऱ्यावर माझ्या मुलीच्या नावापुढं तसंच लिहिलेलं आहे, अज्ञान, आणि पालनकर्त्याच्या जागी आक्कांचं नाव. मी तो कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ‘चिमटा’ हा शब्द आठवत नव्हता. आमच्या दोघींत अज्ञान कोण, असं मनात येऊन मला हसू आलं होतं. मायला वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं.

मला परत माहेरी, वारंगा फाट्याला आणलं. तिथं आबांचं पंक्चरचं दुकान, आणि दुकानाच्या मागं आमच्या दोन खोल्या. मी दिवसभर बाजेवर पडून ट्रकांचे आवाज ऐकायची. लांबून एक बारीक गुणगुण यायची, मोठी होत होत भिंतीतून जायची आणि हदगावच्या अंगाला विरून जायची. डोळे मिटले की वाटायचं, बाजच चालली आहे. गोळ्या चालू होत्या, त्यांची धुंदी असायची. वस्तू दिसायची आणि तिचं नाव जरा मागं राहिलेल्या माणसासारखं सावकाश येऊन पोचायचं. वाटी. कुलूप. उशी. माय रोज माझ्याकडून म्हणवून घ्यायची.

चालायला आलं तशी एक दिवस मी मशीनवर जाऊन बसले. काय करायचं ते डोक्याला माहीत नव्हतं. पाय पट्टीवर ठेवले आणि ते हलायला लागले. मायनं एक जुनी चादर माझ्या हातात दिली. त्या संध्याकाळी चादरीच्या चारही कडा दुमडून झाल्या होत्या आणि शिवण सरळ होती.

त्याच सुमाराला आक्का मुलीला घेऊन आल्या. मी दारात उभी होते. नवी साडी नेसले होते, मायनं केस विंचरून दिले होते. रिक्षातून आधी आक्का उतरल्या, मग त्यांच्या पदराचं टोक धरून ती. फोटोतल्यापेक्षा उंच झालेली, केस दोन्ही बाजूंना बांधलेले. आक्का म्हणाल्या, “ही आई.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “फोटोतली?”

“व्हय. फोटोतली.”

तिनं मान हलवली, समजलं म्हणून. मग ती आक्कांना म्हणाली, “आत्याई, पानी.” आत्या आणि आई मिळून तिनंच तो शब्द केला होता, कुणी शिकवलेला नव्हता. मी पाणी आणायला आत गेले आणि माठासमोर उभी राहून बराच वेळ तो शब्द तोंडात घोळवत राहिले.

पुढं दोन वर्षं असंच चाललं. आक्का सणावाराला तिला आणायच्या, संध्याकाळी घेऊन जायच्या. माझ्या गोळ्या बंद झाल्या. मी फाट्यावरच्या बायकांचे ब्लाऊज शिवायला लागले. दर वेळी मी विचारायची, आक्का, आता ठेवता का हिला माझ्याजवळ? दर वेळी त्या म्हणायच्या, थोडं थांब अजून. त्या वाईट बोलायच्या नाहीत, चढ्या आवाजात बोलायच्या नाहीत. फक्त मुलीच्या चपला स्वतःच्या हातानं तिच्या पायात घालायच्या आणि निघायच्या. मुलगी पहिलीत गेली. शाळेत पालक म्हणून पहिली सही, आक्कांची. मग मी थांबले नाही.

आबांच्या ओळखीतून हिंगोलीच्या एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि साध्या शब्दांत सांगितलं की हे पालकत्व दिलंच होतं तात्पुरतं, त्यामुळं ते संपवा म्हणून अर्ज करता येतो. पण मागितलं आणि मिळालं असं नसतं. तुम्ही बऱ्या झालात हे दाखवायचं आणि लेकराचं भलं तुमच्याजवळ आहे हे कोर्टाला पटायला पाहिजे. मी अर्जावर सही केली. सही करताना स्वतःचं आडनाव लिहायला मी जरा थांबले, ते त्यांनी पाहिलं.

आक्कांनी त्यांच्या वकिलाकडून म्हणणं दिलं. त्यात लिहिलं होतं की आई गॅसवर दूध ठेवून विसरते. लेकराच्या समोर एकदा लेकराचंच नाव तिला आठवलं नाही. बाजारात काय आणायचं ते तळहातावर लिहून नेते. आबा ते वाचून फार चिडले. भर दुकानात म्हणाले की ज्या बाईला घरची मानली तिनं कोर्टात आमचं माप काढलं. दूध उतू गेलं होतं. नाव विसरले होते, आणि ते आठवेपर्यंत मुलगी वाट पाहत उभी होती, तेही खरं होतं.

जज मॅडमनी डॉक्टरांचा दाखला मागवला. तो आला, चांगला होता. विसरभोळेपण राहील, पण लेकरू सांभाळता येईल, असं त्यात होतं. मॅडमनी लगेच निकाल दिला नाही. पुढच्या तारखेपर्यंत मुलगी शनिवार-रविवार माझ्याकडं आणि बाकी दिवस आक्कांकडं, असं सांगितलं.

शनिवारी शाळा सुटली की मी तिला आणायला जायची. वसमतला एसटी बदलावी लागायची. फाट्यावर ती पाहुण्यासारखी राहायची. बिस्कीट घेऊ का, विचारायची. खाली बसू का, विचारायची. मायनं तिच्यासाठी बाहुली आणली होती, ती तिनं जाताना परत जागेवर ठेवून दिली. मी तिला फ्रॉक शिवला, मापं घेताना तिनं हात अगदी सरळ बाजूला धरले, शिंप्याच्या दुकानात धरतात तसे. रविवारी जेवणं झाली की ती चपला घालून दुकानाच्या पायरीवर बसायची आणि ट्रक बघायची. एसटीला अजून वेळ असायचा.

त्यातल्या एका रविवारी, तिला परत सोडायला निघाले असताना, वसमतच्या बसस्टँडवर माझं सगळं हरवलं.

हळदीचे दिवस होते. स्टँडच्या बाहेरून बाजाराकडं जाणाऱ्या गाड्या चालल्या होत्या, पोत्यांतून पिवळी धूळ उडत होती, आणि तिरप्या उन्हात ती धूळ अधांतरी उभी राहिल्यासारखी दिसत होती. मी त्या धुळीकडं बघत होते. बघता बघता आवाज लांब गेला. माणसं चालत होती, त्यांची तोंडं हलत होती. मला फार शांत वाटलं, हे सांगायला पाहिजे. भीती नव्हती. माझ्या हातात एक छोटा हात होता, ऊबदार, घामेजलेला, आणि तो कुणाचा आहे आणि त्याला कुठं न्यायचं आहे ते मला माहीत नव्हतं. मी बाकावर बसले. ती पण बसली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एक एसटी लागली आणि सुटली. मग ती म्हणाली, “आपली होती ती.”

मी विचारलं, “आपल्याला कुठं जायचंय?”

तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. घाबरली असेल, पण तसं दिसलं नाही. “आत्याईकडं,” ती म्हणाली. “शिरडला.”

मी म्हटलं, बरं. ती उठली. माझं बोट धरून तिनं मला एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर नेलं आणि प्रत्येक गाडीपुढं मान वर करून पाटी वाचली. तिला तेव्हा नुकतं जोडून वाचता येत होतं. शि, र, ड, असं एकेक अक्षर ती मोठ्यानं म्हणत होती. एका पाटीपाशी ते तीन सापडले. तिनं कंडक्टरला विचारून खात्री करून घेतली आणि मला आधी चढवलं. गाडी गावाबाहेर पडून शेतं लागली, खिडकीतून वारा आला, तेव्हा एकदम सगळं परत जागेवर आलं. तिचं नाव आलं. मी ते मोठ्यानं उच्चारलं. ती म्हणाली, “काय?” मी म्हटलं, काही नाही.

आक्का शिरडच्या फाट्यावर उभ्या होत्या, केव्हाच्या. आम्ही उतरलो तशी मुलीनं, तक्रार म्हणून नाही, बातमी सांगावी तसं सांगून टाकलं. “आत्याई, आई वसमतला सगळं विसरली. मंग मी पाटी वाचली.”

मी मान खाली घातली. आता आक्का वकिलाला फोन करणार, पुढच्या तारखेला हे सगळं मॅडमपुढं येणार, आणि त्यात खोटं काहीच नसणार. आक्कांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाल्या, आता परत जाऊ नको, आज राहा. घरी गेल्यावर त्यांनी मला वाढलं, मुलीला वाढलं, आणि त्यावर एक अक्षर काढलं नाही.

सकाळी मी शेतात गेले त्यांच्या मागं. हळद शिजवायचं काम चाललेलं. मोठ्या लोखंडी कुकरांतून वाफ निघत होती, आणि शिजलेल्या हळदीचा तो ओला, मातकट, गोडसर वास सगळ्या रानावर बसला होता. दाजी आणि गडी लांब दुसऱ्या टोकाला होते, वाफेतून दिसायचे आणि नाहीसे व्हायचे. आक्का वाळत घातलेली हळकुंडं पायानं पसरवत होत्या. त्यांचे पाय घोट्यापर्यंत पिवळे होते.

मीच बोलले. म्हटलं, “आक्का, तुमी सांगा कोर्टात. खरंच झालं ते.”

त्या पाय थांबवून उभ्या राहिल्या. “सांगितलं तर पोरगी माझ्याकडंच राहील. वकील म्हणलाच होता, असं काही झालं तर कळवा.” मग पुन्हा पायानं हळद पसरवायला लागल्या. “रातभर तेच करून राहिले मी. सांगू का नको.”

“मंग?”

“माझ्या भावाचं तेवढंच उरलंय गं माझ्याकडं.” त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. “तिचं हसणं त्याचं हाये. तू म्हणतीस माझी लेक, बराबर हाये. पण मी तिला सोडली तर तो दुसऱ्यांदा गेल्यावानी होईल मला.”

मला तो दोनदा गेलेला होता. ते मी त्यांना सांगितलं, दवाखान्यातलं, मायला विचारलेलं. आक्कांना ते ठाऊक नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वाफेत तशाच उभ्या राहिल्या आणि मग पदरानं तोंड पुसलं, तर तोंडालाही पिवळं लागलं.

मग पुन्हा हळकुंडं पसरवत त्या म्हणाल्या, “तिकडं फाट्यावर काहून नेतीस तिला? उद्या तू विसरलीस तर तिला कोन हाये तिथं? माय म्हातारी. तू इकडं ये राह्यला. गल्लीत खोली बघू. मशीन इकडं आन. पोरगी हळूहळू तुझ्याकडं सरकू दे, तिच्या तिच्यानं. ती सरकली की मी सोता कोर्टात सांगते, माझी हरकत न्हाई म्हणून.”

मी लगेच हो म्हटलं नाही. नवऱ्याच्या बहिणीच्या गावात जाऊन एकटीनं राहायचं, लोक काय बोलतील ते मला दिसत होतं. आबांना तर ते अजिबात पटलं नाही. ते म्हणाले, ती तुला गोड बोलून नेऊन राहिली, लेकरू कायमचं जाईल. मला त्यांचं खोटं पाडता येत नव्हतं. पण बसस्टँडवरचं ते छोटं बोट मला आठवत होतं. वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कायद्यात याला काही अडचण नाही, आणि खरं सांगायचं तर मला हे आवडलं.

पाडव्यानंतर माझं मशीन टेम्पोतून शिरडला गेलं. आक्कांच्या गल्लीतच, चार घरं सोडून, बांगड्यांचा धंदा करणाऱ्या एका मुसलमान कुटुंबाची मागची खोली मिळाली. घरातल्या म्हातारीला सगळी गल्ली खाला म्हणायची, मीही म्हणायला लागले. मी बाहेर निघाले की ती विचारायची, गॅस बंद किया क्या बेटा, आणि मी परत जाऊन बघून यायची. तिला कुणी सांगितलं होतं ते उघड होतं. मला राग आला नाही.

सुरुवातीला मुलगी यायची ती दारात उभी राहायला. आत्याईनं भाजी दिलीय. आत्याईनं विचारलंय, तेल आहे का. भांडं ठेवून पळायची. मग चिंध्या वेचायला यायला लागली, रंग जुळवून मांडायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी दुपारी बराच वेळ थांबायची. त्या दुपारी मला अजून दिसतात. दार ओढून घेतलेलं, फटीतून आलेली उन्हाची एक रेघ जमिनीवर, तिच्यात तरंगणारे कापसाचे कण, पलीकडं खालाच्या अंगणात बांगड्यांची खळखळ, आणि मशीनचा आवाज. एकदा मी ब्लाऊजच्या बाह्या जोडत होते. मान वर केली तर ती मशीनच्या पायाशी, चिंध्यांवर डोकं ठेवून, गाढ झोपली होती. तोंड जरासं उघडं. मी मशीन थांबवलं तर ती चुळबुळली. पुन्हा चालवलं तर शांत झाली. मग मी नुसतंच, सुईत दोरा नसताना, मशीन चालवत राहिले.

आक्का तिला शोधत आल्या. दारातूनच त्यांनी पाहिलं आणि उंबऱ्यावर बसल्या.

“तान्ही होती तवा अशीच झोपायची,” त्या हळूच म्हणाल्या. “झोळी मशीनला लागून बांधायचीस तू. मशीन थांबलं की रडायची. मी आले व्हते बाळंतविडा घेऊन, तवा पाह्यलं.”

मी विचारलं, “मी काय करायची मंग?”

“काय करायचीस. शिवत बसायचीस.”

त्या दिवसापासून आक्का मला सांगायला लागल्या. आधी त्यांनी तसं कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांनी ते स्वतःपाशी ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं, मी कधी विचारलंच नाही. दोन्ही खरं असेल. दुपारची कामं आटोपली की त्या यायच्या, काजं-बटणं करायला बसायच्या आणि बोलायच्या. मुलगी कशी झाली, कुणावर गेली म्हणून भांडण झालं, बारशाला कोण रुसलं. मी त्यांच्या डोळ्यांनी माझंच घर बघायची.

तारीख आली तेव्हा पावसाळा उलटून गेला होता. आम्ही तिघी एकाच एसटीनं हिंगोलीला गेलो. कोर्टाच्या आवारात आबा आधीच येऊन थांबले होते. आक्कांना पाहून त्यांनी तोंड फिरवलं, मग थोड्या वेळानं सगळ्यांसाठी चहा सांगितला, आक्कांसाठीही.

जज मॅडमनी मुलीला एकटीला आत बोलावलं. आम्ही बाहेर बाकावर. आक्कांच्या आणि माझ्या मधे तिची पाण्याची बाटली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चॉकलेट होतं. काय विचारलं, काय सांगितलंस, हे आम्ही तिला तेव्हाही विचारलं नाही आणि आजही विचारलेलं नाही.

मग आम्हाला बोलावलं. मॅडमनी आक्कांना विचारलं की आधी तुमची हरकत होती, आता? आक्का उभ्या होत्या, हात जोडून. म्हणाल्या, “ती विसरते, मॅडम. अजून विसरते. पण पोरगी तिच्याजवळ झोपते आता दुपारची. माझी हरकत न्हाई.” मॅडमनी मला विचारलं, पुन्हा कधी असं काही झालं तर काय करणार. मी म्हटलं, “आक्का चार घरं पलीकडं हायेत.” त्यांनी लिहून घेतलं.

हुकूम त्याच दुपारी हातात आला. आक्कांचं पालकत्व संपलं, मुलीचा ताबा आईकडे. परतीच्या एसटीत मुलगी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. आक्का म्हणाल्या, “उद्या शाळेत जा. सही बदलून घे.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “बरं झालं. मला कुठं नीट सही येती.” आणि बाहेर बघायला लागल्या. औंढ्याच्या अलीकडं डोंगरावर ढग उतरले होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला नाही.

त्या संध्याकाळी गल्लीत उतरलो तर मुलगी सवयीनं आक्कांच्या दारात शिरली. आक्का दचकून माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या. मी खोलीवर गेले, दिवा लावला आणि एकटीनं भात खाल्ला. कागदावर ती माझी झाली होती आणि घरात अजून त्यांची होती, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. वाट बघायची सवय झाली होती.

दिवाळीला आक्कांचे दोन्ही मुलगे मित्रांना घेऊन आले. घर भरलं, टीव्ही मोठा, हसणं-खिदळणं. दुसऱ्या दिवशी मुलगी गोधडी आणि दप्तर घेऊन माझ्या दारात आली. वैतागलेली होती. “तिथं लै गोंधळ हाये,” ती म्हणाली. “अभ्यास होत न्हाई. मी हितं राहू का?”

म्हटलं, राहा. मी तिच्यासाठी जागा झाडली. पाहुणे गेले, पण तिची गोधडी माझ्याकडंच राहिली. नेमकं कुठल्या दिवशी ती ‘इथली’ झाली ते मला सांगता येणार नाही. बहुधा तिलाही नाही.

आता ती अकरा वर्षांची आहे. जेवायला कधी इकडं, कधी तिकडं. मी अजून विसरते. मधली ती तीन वर्षं परत आली नाहीत. पण हल्ली स्वप्नात मला ती झोळी दिसते, बारशाचं अंगण दिसतं, आणि त्यात मी असते, नाकात चमकी घातलेली. हे आठवलं म्हणायचं की आक्कांच्या बोलण्यातून माझ्या डोक्यात शिवलं गेलं, ते कळत नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सांगता येत नाही.

परवा दुपारी आक्का काजं करत बसल्या होत्या आणि मुलीनं पहिलं पाऊल कसं टाकलं ते सांगत होत्या. वारंग्याच्या घरी, ओट्यावरून, पंक्चरच्या ट्यूबला धरून. मुलीनं पुस्तकातून डोकं वर काढलं.

“मागल्या टायमाला तू उंबरा म्हणली होतीस.”

“उंबरा काहून म्हणीन? ओटाच होता.”

“उंबरा म्हणली होतीस, आत्याई. आन् ट्यूब न्हाई, आबांची काठी.”

आक्का म्हणाल्या, मी तिथं होते का तू? मुलगी म्हणाली, मीच तर होते. दोघी माझ्याकडं वळल्या, मी सांगावं म्हणून. मी हसले आणि सुईत दोरा ओवत राहिले. त्या दोघींचं पुन्हा सुरू झालं.